अंगठा पंचिंग मशीनवर, कागद सल्लागाराचा: विमा विकणारी मी नोकरदार की व्यावसायिक?

तासगावच्या एक वाचक लिहितात: सांगलीत विश्रामबागला गाड्यांचे आणि मेडिक्लेमचे विमे करणाऱ्या एका ऑफिसात मी तीन वर्षं काम करते. पावणेदहाला अंगठा लावायचा, साडेसहाला सुटायचं. महिन्याला २२,००० रुपये आणि टार्गेट झालं की इन्सेंटिव्ह. पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या कराचा दाखला) नाही. ‘सल्लागार करार’ अशा नावाच्या कागदावर सही घेतली आहे आणि १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापतात. शिवाय सहा वर्षांपासून माझी स्वतःची एलआयसीची एजन्सी आहे, ती संध्याकाळी आणि रविवारी करते. आमचे करसल्लागार दोन्हीकडचे पैसे एकत्र करून आयटीआर-४ भरतात. आता २०२४-२५ च्या रिटर्नला ‘सदोष’ म्हणून नोटीस आली आहे. मी नोकरदार की व्यावसायिक? एजंटांना कमिशनच्या एक तृतीयांश खर्च सरसकट मिळतो म्हणतात, तो मला का नाही मिळाला? आणि व्यवसाय कर मला लागू होतो का?

उत्तर:

ताई, नोटिशीचं आधी बघू, कारण तिला घड्याळ लागलेलं आहे. आयकर कायद्याच्या कलम १३९(९) खालच्या नोटिशीला उत्तर द्यायला ती मिळाल्यापासून १५ दिवस असतात. तेवढ्यात होत नसेल तर पोर्टलवरच मुदत वाढवून मागा. नुसतं गप्प बसलात तर तुम्ही रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं आणि त्यातला परतावाही अडकतो.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून चूक कुठे झाली ते सरळ दिसतं. २०२४-२५ मध्ये ऑफिसने वर्षभरात २,४०,००० रुपये दिले आणि १० टक्क्यांनी २४,००० कापले. एलआयसीचं कमिशन १,९६,००० झालं, त्यावर तेव्हाच्या ५ टक्के दराने ९,८०० कापले. म्हणजे २६एएस मध्ये (कापलेल्या कराच्या खात्याकडच्या उताऱ्यात) तुमच्या नावावर जमा ४,३६,००० दिसते. तुमच्या सल्लागारांनी उलाढाल दाखवली ४,०२,२०० रुपये, म्हणजे टीडीएस वजा जाऊन बँकेत आलेली रक्कम. पासबुक समोर ठेवून रिटर्न भरलं की हे हमखास होतं. कापलेला कर हासुद्धा तुमच्याच उत्पन्नाचा भाग असतो. परतावा पूर्ण ३३,८०० चा मागायचा आणि उत्पन्न मात्र तेवढं वजा करून दाखवायचं, हे खात्याच्या संगणकाला पहिल्या फटक्यात कळतं.

दुसरी चूक जास्त मोठी आहे. त्या ४,०२,२०० वर कलम ४४एडी लावून ६ टक्के नफा, म्हणजे २४,१३२ रुपये उत्पन्न दाखवलं आहे. ४४एडी ही छोट्या धंद्यांसाठीची ठोक नफ्याची सोय आहे. किराणा दुकान, वेल्डिंगचं वर्कशॉप, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान यांना ती चालते. पण त्याच कलमाच्या पोटकलम ६ मध्ये तीन जणांना ती सोय नाही असं स्पष्ट लिहिलं आहे: ठरावीक व्यावसायिक (डॉक्टर, वकील, सीए वगैरे), कमिशन किंवा दलालीवर कमावणारा आणि एजन्सीचा धंदा करणारा. विमा एजंट यातल्या दोन खणांत बसतो. तरीही जिल्ह्यात एजंटांची रिटर्नं सर्रास आयटीआर-४ वर जातात, कारण तो फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो. काही सल्लागार मग ४४एडीए (ठरावीक व्यावसायिकांसाठीची तशीच सोय) लावून ५० टक्के नफा दाखवतात. तेही चुकीचं, कारण विमा विकणं हा त्या यादीतला व्यवसाय नाही.

तेव्हा ई-फायलिंग पोर्टलवर ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसिडिंग्ज’ उघडा, नोटिशीवर ‘ॲग्री’ निवडा आणि दुरुस्त रिटर्न आयटीआर-३ (धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांचा सविस्तर फॉर्म) वर भरा, पूर्ण ४,३६,००० जमा दाखवून. घाबरायचं कारण नाही. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७एची सूट होती, त्यामुळे एक रुपयाचाही खर्च वजा केला नाही तरी तुमचा कर शून्यच येतो आणि ३३,८०० चा परतावा शाबूत राहतो. ‘४४एडी सोडलं की पाच वर्षं अडकतो आणि ऑडिट लागतं’ असं तुम्हाला कुणी सांगेल. ती अट त्या सोयीला पात्र असलेल्यांसाठी आहे. तुम्ही मुळात पात्रच नव्हता.

एका पॅनवर दोन माणसं

आता तुमचा मूळ प्रश्न. तो ‘नोकरदार की व्यावसायिक’ असा एका दमात सुटत नाही, कारण तुमच्याकडे दोन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा लावावा लागतो.

एलआयसीच्या बाजूला वादच नाही. एजंट हा महामंडळाचा नोकर नाही, नियुक्तीच्या अटींतच तसं म्हटलेलं असतं आणि व्यवहारही तसाच चालतो. विकास अधिकारी रोज फोन करून ‘ताई, मार्च आहे, दोन पॉलिसी तरी द्या’ म्हणतात, शाखेत मीटिंगा होतात, क्लब मेंबर व्हा म्हणून मागे लागतात. पण तुम्ही गेला नाहीत तर रजा कापत नाहीत. मणेराजुरीला कधी जायचं, कुणाला कोणती पॉलिसी सुचवायची, गाडीत पेट्रोल कुणाच्या पैशाचं, हे सगळं तुमचं. पॉलिसी झाली नाही तर त्या दिवसाची कमाई शून्य. हा व्यवसायच आहे, म्हणून तिथे टीडीएस कलम १९४डी खाली कापला जातो आणि मिळतो तो फॉर्म १६ए. त्याच शाखेत पलीकडच्या टेबलावर बसणारे विकास अधिकारी मात्र पगारदार आहेत. त्यांना फॉर्म १६ मिळतो आणि त्यांचा इन्सेंटिव्ह बोनसही पगारातच धरला जातो. तीच पॉलिसी, तोच ग्राहक, पण करात दोघांचे रकाने वेगळे.

विश्रामबागच्या ऑफिसचं काय? इथे कागद एक म्हणतो आणि रोजचा दिवस दुसरंच म्हणतो. कागदाचं नाव ‘सल्लागार करार’ आणि आत ‘उभयपक्षी मालक-नोकर नातं नाही’ असं वाक्य. असं वाक्य घातल्याने नातं बदलत नाही. न्यायालयं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघतात. १९५६ च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘काय करायचं’ एवढंच नव्हे, तर ‘कसं करायचं’ हेही सांगायचा अधिकार कुणाकडे आहे, ही कसोटी ठेवली. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या निकालात तर शिंप्यांना नगावर मजुरी मिळत होती, काही जण कापड घरी नेऊन शिवत होते, तरी ते दुकानाचे कामगार ठरले. मशीन दुकानाचं, आणि शिवण पसंत नाही पडली तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा हक्क दुकानदाराचा. तुमचा इन्सेंटिव्ह टार्गेटवर आहे म्हणून तुम्ही नोकर नाही, असं कुणी म्हणालं तर हा निकाल आठवा.

तुमच्या बाबतीत आम्ही हे प्रश्न विचारू. अंगठा लावायला उशीर झाला तर पैसे कापतात का? रजेला परवानगी लागते का? तुमच्या जागी एक दिवस बहिणीला पाठवलं तर चालेल का? संगणक, मोबाइलचं सिमकार्ड, प्रस्तावाचे फॉर्म कुणाचे? महिन्यात एकही विमा झाला नाही तरी २२,००० मिळतात का? आणि विम्याच्या धंद्यात सगळ्यात बोलका प्रश्न: पॉलिसी कुणाच्या कोडवर (विमा कंपनीने विकणाऱ्याला दिलेल्या क्रमांकावर) जाते? तुम्ही लिहिता की सगळ्या पॉलिसी ऑफिसच्या कोडवर जातात, ग्राहकांची यादी ऑफिसची, नूतनीकरणाचे फोन ऑफिसच्या नंबरवरून. म्हणजे उद्या तुम्ही निघालात तर तुमच्यासोबत काहीच येत नाही. एलआयसीच्या बाजूला मात्र तुम्ही केलेल्या पॉलिसींचं नूतनीकरण कमिशन तुमच्या कोडवर येत राहतं. फरक इथे आहे. आमच्या मते ऑफिसचं काम ही नोकरी आहे आणि ते पैसे पगार.

ऑफिस टीडीएस कलम १९४जे खाली, म्हणजे व्यावसायिक शुल्काचा कापतं. त्याने काही सिद्ध होत नाही. पैसे देणाऱ्याने कोणतं कलम टाकलं ही त्याची समजूत असते, तुमचा दर्जा नव्हे. पगार असेल तर कलम १९२ लागतं आणि तुमच्या उत्पन्नावर तर कापायलाच काही उरत नाही.

इंटरनेटवर हा विषय शोधलात तर बहुतेक माहिती अमेरिकेची येईल. तिथे पूर्णवेळ आयुर्विमा विकणाऱ्याला ‘स्टॅच्युटरी एम्प्लॉयी’ असा तिसराच दर्जा आहे: सामाजिक सुरक्षेसाठी नोकर, पण खर्च मात्र धंद्यासारखा वजा. आपल्या कायद्यात असा मधला खण नाही. पगार नाहीतर व्यवसाय.

पैशात फरक किती?

ज्याचं रिटर्न यंदा भरायचं त्या २०२५-२६ चे आकडे घेऊ. ऑफिसचे २,६४,००० अधिक इन्सेंटिव्ह ४८,०००, एकूण ३,१२,०००. एलआयसीचं कमिशन २,१४,०००, त्यातून खरा खर्च ६२,००० धरला तर उरतात १,५२,०००.

ऑफिसचे पैसे पगार धरले तर ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारदाराला पावत्यांशिवाय मिळणारी सरसकट सूट) मिळते, म्हणजे २,३७,०००. दोन्ही मिळून ३,८९,०००. नव्या प्रणालीतली ४ लाखांची मूळ मर्यादाही ओलांडली जात नाही, कर शून्य. व्यवसाय धरले तर प्रमाणित वजावट नाही. ऑफिसच्या कामातला तुमच्या खिशातला खर्च समजा ३०,००० दाखवलात, तर उत्पन्न ४,३४,०००. त्यावर १,७०० रुपये कर, पण १२ लाखांपर्यंतच्या सवलतीत तोही जातो. कर पुन्हा शून्य. कापलेले ३१,२०० आणि ४,२८० (एलआयसीचा दर १ एप्रिल २०२५ पासून २ टक्के झाला आहे), एकूण ३५,४८० रुपये दोन्ही मार्गांनी परत येतात.

कमाई मोठी असलेल्यांचं गणित वेगळं असतं. १९ लाख घेणारा विक्री व्यवस्थापक पगारदार असेल तर ७५,००० च्या वजावटीने त्याचे उपकरासह १५,६०० वाचतात. तोच माणूस व्यावसायिक असेल आणि त्याचा ३ लाखांचा खरा खर्च पावत्यांनिशी उभा असेल, तर ६२,४०० वाचतात. म्हणून मोठे विक्रेते ‘मला कर्मचारी करू नका’ म्हणतात. तुमच्या पातळीवर तो मोह धरण्यात अर्थ नाही.

मग तुमचं जातं काय? दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसला ग्रॅच्युइटी लागू होते. तुमच्याकडे चौदा आहेत म्हणता. पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा, या हिशेबाने २२,००० वर वर्षाला सुमारे १२,६९२ रुपये, पाच वर्षं भरली की ६३,४६१. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजाही दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसला लागू आहे. पीएफबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. तो वीस माणसांवर लागतो, आणि मूळ पगार १५,००० च्या वर असलेला, आधीचं पीएफ खातं नसलेला माणूस सक्तीतून सुटतो. मालकांची कराड किंवा कोल्हापूरला शाखा असेल तर सगळ्या शाखांची माणसं एकत्र मोजतात, एवढं बघून घ्या. ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) मर्यादा २१,००० आहे, तिच्या तुम्ही वर आहात. आणि घरकर्जाला गेलात की बँक पहिल्यांदा फॉर्म १६ मागते. २४,१३२ उत्पन्नाचं रिटर्न दाखवून तासगावात कुठलीही बँक दारात उभं करणार नाही.

हिशेबाच्या वह्यांवरही परिणाम होतो. धंद्याचं उत्पन्न मागच्या तीन वर्षांत एकदाही अडीच लाखांवर आणि उलाढाल २५ लाखांवर गेली नसेल, तर व्यक्तीला वह्या ठेवायची सक्ती नाही. एलआयसी एकटीच धंदा धरली तर तुम्ही यात बसता. ऑफिसचे पैसेही धंद्यात घातले की अडीच लाखांची रेषा ओलांडली जाते, वह्या सक्तीच्या होतात, आणि त्या नसल्या तर २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो.

एलआयसीच्या खर्चाचा हिशेब

एक तृतीयांशची गोष्ट खोटी नाही, शिळी आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९० च्या दशकातल्या परिपत्रकांनी वर्षाला ६०,००० पेक्षा कमी एकूण कमिशन असलेल्या आणि तपशीलवार हिशेब न ठेवणाऱ्या एजंटांना ही सोय दिली: पहिल्या वर्षाच्या कमिशनवर ५० टक्के, नूतनीकरणावर १५ टक्के, दोन्ही वेगळे कळत नसतील तर सरसकट एक तृतीयांश, आणि काहीही झालं तरी २०,००० च्या वर नाही. बोनस कमिशनवर काहीच नाही. तुमचं कमिशन २,१४,००० आहे, त्यामुळे ही सोय तुमच्यासाठी नाही. नव्याने एजन्सी घेतलेल्या, वर्षाला चाळीस-पन्नास हजार कमावणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

तुम्हाला खरा खर्च दाखवावा लागेल. एक शंभर पानी वही पुरते. रोज चार गोष्टी: तारीख, गाव, कुणाकडे किंवा पॉलिसी क्रमांक, आणि गाडीचं किलोमीटर. ‘१२ मार्च, सावळज, बेदाणा सौद्यानंतर हप्ता आणि मुलाची नवीन पॉलिसी, ३८ किमी’ इतकं पुरेसं. पेट्रोल यूपीआयने भरा, म्हणजे पावती फिकी झाली तरी नोंद राहते. तासगावहून सांगलीच्या ऑफिसला रोज जाता-येता लागणारं पेट्रोल यात येत नाही. तो नोकरीवर जायचा खर्च आहे, तो कुठेच वजा होत नाही. दोन्हींचं पेट्रोल एकाच टाकीत जातं म्हणून तर किलोमीटरची नोंद हवी.

स्कूटर ९०,००० ची असेल तर घसारा १५ टक्के, १३,५००. त्यातला एजन्सीच्या कामाचा वाटा ६० टक्के म्हणाल तर ८,१०० घ्या, अख्खे घेऊ नका. मोबाइलवरही १५ टक्केच, लॅपटॉप आणि प्रिंटरवर ४०. वस्तू घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी दर निम्मा. दिवाळीची कॅलेंडरं, डायऱ्या, ग्राहकाच्या मुलीच्या लग्नातला आहेर यातलं पहिलं दोन चालतं, तिसऱ्यावर वाद होतो. कुणा एका माणसाला एका दिवसात रोखीने १०,००० च्या वर दिले तर तो खर्च नामंजूर.

एक खर्च मात्र वहीत चुकूनही लिहू नका: ‘पहिला हप्ता मी भरते’ म्हणून ग्राहकाला दिलेली सूट. पॉलिसी मिळावी म्हणून अर्धं कमिशन सोडण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ ने अशी सूट द्यायला बंदी आहे आणि दंड १० लाखांपर्यंत आहे. कायद्याने मना केलेल्या गोष्टीवरचा खर्च आयकरात वजा होत नाही. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, त्यांच्यावर कर भरा आणि वर स्वतःच्या हस्ताक्षरात पुरावा तयार करून ठेवा.

याच्याच शेजारची दुसरी अडचण द्राक्षपट्ट्यातल्या एजंटांना फार येते. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो बागेचा हंगाम संपल्यावर, हप्त्याची तारीख असते डिसेंबर-जानेवारीत. एजंट आपल्या खात्यातून हप्ता भरतो, मग बेदाणा विकल्यावर शेतकरी यूपीआयने पैसे परत करतो. भरलेला हप्ता हा तुमचा खर्च नाही आणि परत आलेले पैसे हे उत्पन्न नाही. पण बँकेच्या उताऱ्यात वर्षाला तीन-चार लाख अनोळखी नावांनी जमा दिसतात आणि उद्या कुणी विचारलं तर सांगायला काही नसतं. हे करायचंच असेल तर त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि प्रत्येक जमेसमोर पॉलिसी क्रमांक लिहा. ग्राहकाने दिलेला हप्ता सुट्टीचे दिवस सोडून २४ तासांत, कमिशन न कापता कंपनीकडे गेला पाहिजे, असं विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी सांगतं.

मार्चच्या कमिशनकडेही लक्ष द्या. मार्चअखेरच्या पॉलिसींचं कमिशन बिलात मार्चमध्ये पडतं, २६एएस मध्ये मार्च तिमाहीत दिसतं, बँकेत मात्र एप्रिलमध्ये येतं. पासबुकावरून बेरीज केली की फरक येतो आणि पुन्हा नोटीस. एलआयसीच्या एजंट पोर्टलवरून बारा महिन्यांची कमिशन बिलं काढा, चार तिमाहींचे फॉर्म १६ए काढा, २६एएस शी जुळवा, मगच रिटर्नला हात घाला. स्पर्धेत सोन्याचं नाणं, मिक्सर, सहल मिळाली असेल आणि वर्षाची किंमत २०,००० च्या वर गेली असेल, तर कलम १९४आर खाली १० टक्के कापलेले दिसतील. त्या वस्तूची किंमत तुमच्या धंद्याच्या उत्पन्नात मिळवावी लागते, ती सहल आवडली नसली तरी.

आयटीआर-३ लांबलचक आहे म्हणून सल्लागार टाळतात. वह्यांची सक्ती नसलेल्यांसाठी त्यात ‘नो अकाउंट केस’ असा छोटा भाग आहे: एकूण जमा, खर्च, निव्वळ नफा, आणि वर्षअखेरची येणी, देणी, माल व रोख शिल्लक. एवढंच. धंद्याचं उत्पन्न असल्याने जुनी करप्रणाली हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो आणि पुन्हा नवीत यायची संधी एकदाच मिळते. पगारदारासारखी दरवर्षी उडी मारता येत नाही. तुमच्या उत्पन्नाला जुन्या प्रणालीचा विचारही करू नका.

व्यवसाय कर: लागू आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याच्या अनुसूचीत विमा एजंटांची स्वतंत्र नोंद आहे, वर्षाला २,५०० रुपये. महिलांना महिना २५,००० पर्यंत माफी आहे हे खरं, पण ती पगारदारांच्या नोंदीतली. एजंट बाईंना ती मिळत नाही. महाजीएसटीच्या संकेतस्थळावर पीटीईसी (व्यवसाय कराच्या नावनोंदणीचं प्रमाणपत्र) काढा, पॅन, आधार, पासबुक आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पैसे दरवर्षी ३० जूनपर्यंत, उशिराला महिना सव्वा टक्का व्याज. पुढे ऑफिसने तुम्हाला पगारदार धरलं तर त्यांना पीटीईसी दाखवा, एकाच माणसाकडून दोनदा घेत नाहीत. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली की हा कर नाही. जीएसटीची चिंता नको: विमा एजंटाच्या कमिशनवरचा जीएसटी उलट आकारणीने कंपनी भरते, फक्त तेवढंच काम असलेल्याला नोंदणीही लागत नाही.

विमा सखी योजनेतल्या बायकांनीही आम्हाला असंच विचारलं आहे. महिन्याचे ७,००० (दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००) पगारासारखे ठरावीक दिसतात, पण योजनेतच म्हटलं आहे की ही पगारी नेमणूक नाही. ते पैसे कमिशनसोबत धंद्यातच दाखवा, प्रमाणित वजावट घेऊ नका.

ऑफिसला काय लिहायचं

तोंडी बोलण्यात तीन वर्षं गेली, आता ई-मेल करा. भांडणाचा सूर नको. ‘माझी कामाची वेळ, हजेरी आणि रजा ऑफिस ठरवतं, पॉलिसी ऑफिसच्या कोडवर जातात. त्यामुळे मला मिळणारी रक्कम पगार असून टीडीएस कलम १९२ खाली अपेक्षित आहे. २०२५-२६ साठी २६क्यूमधली (पगाराखेरीजच्या टीडीएसचं विवरणपत्र) नोंद दुरुस्त करून २४क्यूमध्ये (पगाराच्या टीडीएसचं विवरणपत्र) घ्यावी आणि फॉर्म १६ द्यावा ही विनंती.’ १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात पगाराचा टीडीएस कलम ३९२ आणि बाकीचे बहुतेक सगळे कलम ३९३ मध्ये गेले आहेत, त्यामुळे चालू वर्षाबद्दल लिहिताना हे आकडे वापरा.

मालकांनी दुरुस्ती केली तर पगार पगारात, कमिशन धंद्यात, फॉर्म तोच आयटीआर-३. नाही केली तर १९४जे खाली कापलेला कर पगाराच्या रकान्याशी जुळवताना परतावा रखडायची भीती असते. कर दोन्हीकडून शून्य असताना ३१,२०० रुपये त्या वादात अडकवू नयेत असं आमचं मत. यंदा ती रक्कम धंद्यात दाखवा, वह्या ठेवा, आणि ई-मेल मात्र रिटर्न भरायच्या आधीच्या तारखेचा असू द्या. रिटर्नात धंदा दाखवला म्हणून ग्रॅच्युइटीचा हक्क जात नाही, तो प्रश्न प्रत्यक्ष कामावरच सुटतो. पण समोरचा वकील ते रिटर्न पुढे करणारच, आणि तेव्हा तुमच्या हातात हा ई-मेल, पंचिंगच्या हजेरीचे फोटो आणि रजेच्या परवानगीचे व्हॉट्सॲप मेसेज हवेत. ते आजपासून जपून ठेवायला लागा, फोन बदलायच्या आधी.